रोजच्या वापराची वाइड प्राइम: एफचा आकडा सगळ्यात शेवटी बघा

सावलीकार

वाइड प्राइम, म्हणजे रुंद कोनाची, झूम नसलेली लेन्स, घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘१.४ घेऊ की १.८?’ (हा एफचा आकडा: जितका लहान, तितका जास्त उजेड आत.) माझं म्हणणं असं की हा प्रश्न शेवटचा आहे. त्याआधी तीन गोष्टी बघा: कोन (मिमीचा आकडा जितका लहान, तितका रुंद), किती जवळून फोकस होतो आणि वजन.

माझी पहिली वाइड प्राइम फुल फ्रेमवरची (३६ बाय २४ मिमीच्या मोठ्या सेन्सरवरची) ३५ मिमी एफ/१.४ होती, साडेसहाशे ग्रॅमच्या वरची. तिचे फोटो मला आजही आवडतात, पण ते मोजकेच आहेत. ‘आज फोटो काढायला जायचंय’ असं ठरवलं तरच ती बाहेर पडायची. आता कॅमेऱ्यावर २८ मिमी एफ/२ असते, दोनशे ग्रॅमची. ती कायम सोबत असते, त्यामुळे न ठरवता फोटो निघतात.

कोनाचा हिशेब अंशांत करू नका, रुंदीत करा. कॅमेरा आडवा धरून दोन मीटरवर उभं राहिलं तर २४ मिमीत तीन मीटर रुंदी मावते, २८ मध्ये अडीचच्या थोडं वर, ३५ मध्ये जेमतेम दोन. आता तुमच्या खोलीत भिंतीला पाठ टेकून उभे राहा आणि समोर काय काय यायला हवं ते बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

जवळच्या फोकसकडे तर कुणी बघतच नाही. रेंजफाइंडर (वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायच्या) कॅमेऱ्यांसाठीच्या बऱ्याच जुन्या लेन्स ७० सेंटीमीटरच्या आत फोकस होत नाहीत. उलट कॅननची आरएफ ३५ मिमी एफ/१.८ मॅक्रो १७ सेंटीमीटरपर्यंत येते. हातातलं पान, पुस्तकाची कड, झोपलेल्या मांजराचा पंजा, हे सगळं रोजच्याच फोटोग्राफीत येतं ना?

तिन्हीसांज

प्रचंड असहमत. माझ्याकडे दोन लहान मुलं आहेत आणि माझे नव्वद टक्के फोटो दिवेलागणीनंतर घरातच काढलेले असतात. साध्या दिव्यांच्या खोलीत उजेड साधारण ईव्ही ५ धरा (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप). तिथे एफ/२ वर १/२५० सेकंदाचा शटर हवा असेल तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे वाढतात) ३२०० लागतो. एफ/१.४ असेल तर १६०० वर भागतं. एफ/२.८ ची छोटी चपटी लेन्स लावली की थेट ६४००.

कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही. ते माझा हात स्थिर करतं, उड्या मारणारं पोर नाही. १/३० वर मागची भिंत कापल्यासारखी स्पष्ट येते आणि मुलाच्या जागी नुसता फराटा. त्यामुळे माझ्यासाठी तरी एफचा आकडाच पहिला आहे.

आणि वजनाचं म्हणाल तर माझा कॅमेरा दाराजवळच्या फळीवर असतो. फळी ते सतरंजी एवढाच त्याचा प्रवास. साडेसहाशे ग्रॅम मला कधी जाणवलेच नाहीत.

सावलीकार

तुमचा उजेडाचा हिशेब मान्य. पण डेप्थ ऑफ फील्डचं, म्हणजे पुढे-मागे किती खोलीपर्यंत स्पष्ट येतं त्याचं काय? ३५ मिमी एफ/१.४ वर १ मीटर अंतरावरच्या माणसासाठी खोली जेमतेम ७ सेंटीमीटर असते. दोन मुलं शेजारी बसली आणि एक थोडं मागे रेललं की त्याचा चेहरा गेलाच. म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) २.८ पर्यंत बंद करावंच लागतं, मग १.४ चा फायदा उरला कुठे? माझ्या २८ एफ/२ वर त्याच १ मीटरला १५ सेंटीमीटर मिळतात, दुपटीहून जास्त.

रीळवाला

सावलीकार, इथे तुम्ही चुकताय. १ मीटरवरून २८ ने काढलात तर चेहरा ३५ पेक्षा लहान येईल. तो तेवढाच मोठा हवा असेल तर ८० सेंटीमीटरवर जावं लागेल, आणि तिथे तुमची खोली १० सेंटीमीटर उरते. चेहरा चौकटीत तेवढाच ठेवला, तर इतक्या जवळून खोली लेन्सच्या मिमीवर जवळपास अवलंबून नसते, एफच्या आकड्यावर असते. म्हणजे तुम्हाला जास्त मिळाले ते ३ सेंटीमीटर, आणि तेही १.४ ऐवजी २ वापरल्याचे.

फरक पडतो तो मागच्या दृश्यात. फोकल लेंग्थला (तेच ते मिमी) एफच्या आकड्याने भागा: ३५ एफ/१.४ चं अ‍ॅपर्चर २५ मिमी व्यासाचं, २८ एफ/२ चं १४. दूरची पार्श्वभूमी किती विरघळणार ते हा व्यास सांगतो. ५० एफ/१.८ चा व्यास जवळपास २८ भरतो. ‘वाइड आहे, तरी मागचं लोण्यासारखं हवं’ अशी इच्छा असणाऱ्यांनी हे आकडे एकदा मांडून बघावेत. साध्या पन्नासने ते सहज होतं.

फिल्मच्या दिवसांत कॅमेऱ्यात आयएसओ ४०० ची रीळ असली की ती संपेपर्यंत ४००. फारच अडलं तर १६०० ला पुश करायची (१६०० ची समजून वापरायची, मग जास्त वेळ धुवायची) आणि मोठे मोठे दाणे सोसायचे. तेव्हा एफ/१.४ उजेडासाठी घ्यायचे, शिवाय एसएलआरच्या (आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या) व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र लख्ख दिसायचं, त्यामुळे हाताने फोकस करणं सोपं जायचं. आज ३२०० वर स्वच्छ फोटो येतो. त्यामुळे आता १.४ घेणारा बहुतेक वेळा उजेड घेत नसतो, मागचं धूसर दिसणं घेत असतो. त्यात गैर काहीच नाही, मलाही ते आवडतं. फक्त आपण नेमकं कशासाठी पैसे मोजतोय ते घेणाऱ्याला ठाऊक असावं.

तिन्हीसांज

मी उजेडच घेते :) दोघं एका चौकटीत असली की २.८ करावं लागतं हे खरं. पण दोघं एका जागी बसलीत असं दिवसातून किती वेळा होतं? एकट्या मुलाचा फोटो असेल तेव्हा जवळचा डोळा फोकसमध्ये असला की मला पुरतं, कान धूसर झाले तरी चालतात.

चौकट

मला तर २८ चाच मुद्दा पटत नाही. खिशातल्या फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या भाषेत २४ ते २६ मिमीचाच असतो. म्हणजे वाइड दृश्य सगळ्यांकडे आधीपासून आहे. वेगळी लेन्स घ्यायची तर ३५ किंवा ४० घ्या, जिथे फोन कमी पडतो. फ्रेंच छायाचित्रकार ऑंरी कार्तिए-ब्रेसाँने जवळपास सगळं आयुष्य ५० वर काढलं.

शिवाय अंदाज कशाला बांधायचे? आपल्या झूमने काढलेले वर्षभराचे फोटो घ्या, कुठल्या मिमीवर किती निघालेत ते मोजा. माझे मोजले तर ३५ च्या आसपासच गर्दी होती.

काजवा

ब्रेसाँचं नाव आलंच आहे तर गॅरी विनोग्रँडचंही येऊ द्या. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर त्याचा भर २८ वर होता. मोठ्यांची नावं घेऊन हा वाद मिटायचा नाही.

झूमच्या मोजणीवर तर माझा अजिबात विश्वास नाही. २४-७० वापरणाऱ्यांचे फोटो मोजा, ढीग २४ वर आणि ७० वर लागलेला दिसेल. रिंग जिथे अडते तिथे हात थांबतो. त्या ७० चा अर्थ ‘मला ७० आवडतं’ असा नसतो, ‘अजून जवळ जायला हवं होतं’ असा असतो. प्राइम लावली की तुम्ही स्वतःच पुढे सरकता आणि सगळा हिशेब बदलतो.

२८ ची खरी अडचण वेगळीच आहे. चौकटीच्या कडेला चेहरा आला की तो बाहेरच्या बाजूला ताणला जातो. हा लेन्सचा दोष नाही. सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर कडेला गोल वस्तू ताणली जाणारच, लेन्स कितीही महाग असो. आठ जणांचा ग्रुप फोटो २४ वर काढून टोकाच्या माणसाला दाखवा, तो तुमच्याशी बोलणार नाही. मी टोकाला कुणालाच उभं करत नाही, चार पावलं मागे जातो आणि नंतर फोटोच्या कडा कापतो.

(ज्यांना रात्रीचं आकाश टिपायचंय त्यांच्यासाठी मात्र एफचा आकडा खरोखरच महत्त्वाचा. तिथेही कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात की नाही, म्हणजे कोमा किती आहे, ते आधी बघा. पंख घालवायला २.८ करावं लागणार असेल तर १.४ घेऊन काय मिळवलं?)

सावलीकार

काजवा, कापण्याचं अगदी बरोबर. २८ चा फोटो ३५ च्या चौकटीएवढा कापला तर २४ मेगापिक्सेलचे १५ उरतात. रोजच्या फोटोला ते भरपूर झाले. ३५ वरून २८ कडे मात्र उलटं जाता येत नाही.

चौकट

मेगापिक्सेल उरतात, उजेड उरत नाही. सेन्सरचा तेवढा भाग तुम्ही फेकून दिलात, म्हणून कापलेला २८ एफ/२ हा नॉइझच्या (दाण्यांच्या) आणि खोलीच्या हिशेबात ३५ एफ/२.५ सारखा वागतो. ५० पर्यंत कापलात तर साडेसात मेगापिक्सेल आणि एफ/३.६. रोज कापावं लागत असेल तर लेन्स चुकीची घेतली आहे.

सावलीकार

हे मला सुचलं नव्हतं. ५० पर्यंत मी कापतच नाही, पण ३५ पर्यंत नेहमी कापतो, आणि संध्याकाळच्या फोटोंत दाणे का दिसतात याचं अर्धं उत्तर बहुधा हेच. तरी २८ सोडणार नाही. रस्त्यावर एफ/८ करून फोकस सव्वातीन मीटरवर ठेवला की साधारण १.६५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं, कॅमेरा डोळ्याला लावायच्या आत फोटो झालेला असतो. ३५ वर हीच हद्द अडीच मीटरच्या पुढे सुरू होते. गर्दीत त्या एका मीटरभरातच सगळं घडत असतं.

तिन्हीसांज यांच्या बाबतीत माझा क्रम चुकतो हेही कबूल. ‘रोज’ म्हणजे मी रस्ता धरला होता, त्यांचा रोज घरात आहे. तिथे क्रमात एफचा आकडा वर घ्या, वजन खाली टाका. कोन तरीही पहिलाच.

नवखा_नेम

इतकं वाचून गोंधळलो. माझा कॅमेरा एपीएस-सी, १.५ क्रॉपचा (सेन्सर फुल फ्रेमपेक्षा दीडपट लहान). दुकानदाराने २३ मिमी एफ/१.४ सुचवली आहे. पण धाग्यात तर १.४ ला विरोध चाललाय. एफ/२ घेऊ का?

रीळवाला

विरोध १.४ या आकड्याला नाही. तुमच्या सेन्सरवर २३ चा कोन ३५ सारखा मिळतो आणि खोलीही फुल फ्रेमवरच्या एफ/२.१ सारखी. म्हणजे सावलीकार एफ/२ वर जे करतात तेच तुम्ही १.४ वर कराल. फूजीच्या दोन्ही २३ डोळ्यांपुढे धरा: एफ/२ ची १८० ग्रॅम, नवीन एफ/१.४ ची ३७५. तुमच्या सेन्सरवर तो एक स्टॉप (दुप्पट उजेड) घरातल्या उजेडात जाणवेल, रस्त्यावर दुपारी नाही. तुम्ही फोटो कुठे काढता ते सांगा, मग बोलू.

नवखा_नेम

बहुतेक घरात. आजीचे.

तिन्हीसांज

मग १.४ घ्या. शटर १/१२५ ठेवा, आजी बोलताना हात हलवत असेल.