मदत हवी आहे: गणपतीच्या जनरेटर ट्रॉलीवर झोपायची टपरी बांधतोय, पण गाडीमागे शेपूट हलतंय

भांडुपचा_भटक्या

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझ्या मामाचा मंडप डेकोरेशनचा धंदा. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकमागे धडधडत जाणारी जनरेटरची ट्रॉली सगळ्यांनी पाहिली असेल, तसली एक त्याच्या मुलुंडच्या गोडाऊनमागे पाच वर्षं पडून होती. जनरेटर कधीच विकला. दिवाळीला मामा म्हणाला, "तुला न्यायची तर ने, नाहीतर कुर्ल्याचा भंगारवाला सोमवारी येतोय." मी नेली. बायको अजून त्या सोमवारची आठवण काढते.

डोक्यात टिअरड्रॉप ट्रेलर आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९३०च्या दशकात अमेरिकेत लोक घरच्या घरी बनवायला लागले ती ही थेंबाच्या आकाराची छोटी गाडी. पुढून गोल, मागे निमुळती. प्लायचं शीट ८ बाय ४ फुटांचं मिळतं म्हणून गाडीही बहुधा ८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि साधारण ४ फूट उंच. आत फक्त गादी. मागचं झाकण वर उचललं की ओटा, आणि स्वयंपाक बाहेर उभं राहून. आत बसता येतं, उभं राहता येत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, हे तर चाकं लावलेलं कपाट आहे." बरोबरच आहे.

आतापर्यंत झालेलं काम: सांगाडा घासून हातोडीने ठोकून पाहिला. एक आडवा चॅनेल पापडासारखा वाजला, तो बदलून घेतला. जमिनीला १२ मिमीचा मरीन प्लाय, दोन्ही बाजूंना १८ मिमी, आतला लाकडी सांगाडा आणि पुढची भिंत उभी आहे. छप्पर, मागचं झाकण, ओटा बाकी. नुसती ट्रॉली भंगारवाल्याच्या काट्यावर १७० किलो भरली होती, आता अंदाजे ३०० असेल.

खरी अडचण पुढे आहे. मागच्या रविवारी पहाटे पाचला बोलेरोला जोडून मुलुंडहून भांडुपला आणली, द्रुतगती मार्गाने. चाळीसपर्यंत काही नाही. पन्नासला मागून कोणीतरी डावी-उजवी ढकलतंय असं वाटायला लागलं. आरशात बघतो तर ट्रॉली शेपूट हलवतेय. घाबरून ब्रेक दाबला तर जास्तच! पाय काढला तेव्हा हळूहळू शांत झाली. घरी पोहोचेपर्यंत शर्ट ओला.

दुसरं म्हणजे ती उड्या मारते. आत ठेवलेला स्टीलचा डबा छताच्या पट्टीला लागून चेपला.

फॅब्रिकेटर म्हणतो, "वजन टाकलं की बसेल." मला पटत नाही. अ‍ॅक्सल (दोन चाकं जोडणारी आडवी कांब) बरोबर मधोमध आहे, जनरेटरसाठी होता तसाच. काय करू? आणि मुंबईच्या पावसात मागचं झाकण गळणार नाही असं कसं बनवायचं?

गॅरेजकाका

फॅब्रिकेटरचं ऐकू नकोस. आधी एक सांग, दांड्याच्या टोकावर, म्हणजे गाडीच्या हुकावर, किती किलो भार येतोय? मोजलायस का? नसशील तर बाथरूमचा वजनकाटा घे, त्यावर लाकडी ठोकळा उभा कर, ठोकळ्यावर दांड्याचं टोक ठेव. ट्रॉली समपातळीत हवी, आणि चाकांना पुढून-मागून विटा लाव. आकडा इथे टाक. सोबत हुकापासून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतरही मोज.

कलम_कसाई

दादा, शेपटाचं नंतर बघू. नंबर नसलेली ट्रॉली तुम्ही हायवेवर ओढली?

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये "मोटार वाहन" या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. इंजिन नाही म्हणून ती हातगाडी ठरत नाही. नोंदणी हवी (कलम ३९), तिसऱ्या पक्षाचा विमा हवा (कलम १४६). त्या पहाटे शेपूट एखाद्या दूधवाल्याच्या स्कूटरला लागलं असतं तर भरपाई तुमच्या खिशातून गेली असती, आणि पुढची काही वर्षं तुम्ही कोर्टात काढली असती. घाबरवत नाहीये. पण पुढची चाचणी बंद आवारात करा.

भांडुपचा_भटक्या

कसाईसाहेब, कान पकडले. पुन्हा रस्त्यावर नाही काढत.

काका, मोजलं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे चालू असताना वॉचमन, दोन पोरं आणि तिसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका असा प्रेक्षकवर्ग होता. काटा आमच्या आईचा. ती रोज सकाळी त्यावर उभी राहून नाराज होते, म्हणून तिनेच "एकदा दुसऱ्याचं वजन बघू दे" म्हणून दिला. ठोकळ्यावर दांडा ठेवला, सुई थरथरत थांबली नऊवर. नऊ किलो! अंतर २.२ मीटर.

गॅरेजकाका

मग सापडला की चोर.

एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यायला हवा. तुझ्या ३०० किलोला किमान तीस. तुझे आहेत नऊ, म्हणजे तीन टक्के. नाक हलकं असलं की ट्रेलर शेपूट हलवणारच, आणि वेग वाढला की ते जास्तच हलतं. ब्रेक दाबल्यावर वाढलं ते त्यामुळेच: गाडी मंदावते, ट्रेलर मागून ढकलत राहतो. असं झालं तर स्टिअरिंग सरळ धरून नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. तू शेवटी तेच केलंस, नशीब.

आता पुढचं ऐक, खरा धोका तिथे आहे. जनरेटर अ‍ॅक्सलच्या बरोबर डोक्यावर बसायचा, म्हणून अ‍ॅक्सल मधे असून चाललं. तुझा ओटा येणार सगळ्यात मागे. ओटा, शेगडी, भांडी, झाकण मिळून ६० किलो धर, अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे. तुझं हुकापर्यंतचं अंतर २.२ मीटर. म्हणजे ६० भागिले २.२, हुकावरचे २७ किलो कमी. तुझ्याकडे आहेतच नऊ. काम पूर्ण झाल्यावर तुझी ट्रॉली गाडीचा हूक वर उचलेल, मागची चाकं हलकी करेल. लहान मुलांच्या सी-सॉसारखं.

दोन गोष्टी कर. बॅटरी आणि पाण्याचा वीस लिटरचा कॅन मागे ओट्यात ठेवू नकोस, दांड्यावर पुढे पेटी करून त्यात टाक. तो भार साधारण ४५ किलो, अ‍ॅक्सलच्या १.४ मीटर पुढे. आणि अ‍ॅक्सल दहा इंच मागे घे. मी गणित मांडलं, तयार गाडी ४२० किलो धरून हुकावर ५२ च्या आसपास येतात, म्हणजे साडेबारा टक्के. पाणी संपल्यावर चाळीसच्या जरा खाली उतरतील, ते चालतंय. पण कपडे-पुस्तकांची बॅग मागे कोंबायची नाही, पुढच्या भिंतीला टेकवून ठेवायची.

कागदावरचं गणित झालं तरी शेवटी आईचा काटा घेऊन मोजच.

उड्यांचं: पाटे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या एकावर एक पोलादी पट्ट्या, मोज. जनरेटरच्या ट्रॉलीला सहा-सात पाटे असतात, तुला एवढे नकोत. सर्वात मोठा मुख्य पाटा सोडून खालचे छोटे एकेक काढ, दोन्ही बाजूंना सारखे. मधला बोल्ट मग आखूड लागेल, यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतील. नागदेवी स्ट्रीटला बोल्ट मिळतील. पाटे काढायचा प्रयोग अ‍ॅक्सल हलवल्यानंतर कर, आधी नाही, नाहीतर दोन्हीचा हिशोब चुकेल.

आणि टायर. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, ते वाच.

भांडुपचा_भटक्या

१७०९. म्हणजे?

गॅरेजकाका

२००९ सालचा सतरावा आठवडा. फेकून दे. नक्षी कितीही शाबूत दिसो. हब उघडशील तेव्हा बेअरिंगही बदल, पाच वर्षं उभी होती म्हणजे ग्रीसचा साबण झाला असेल.

वेसावकर_होडीवाला

झाकणाबद्दल लिहितो. आमच्या घरात होड्या दुरुस्त होतात, मी लहानपणापासून प्लाय आणि रेझिनच्या वासात वाढलोय.

पाणी प्लायच्या पाठीतून शिरत नाही, कडेतून शिरतं. मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१० चं, त्याचा डिंक उकळत्या पाण्यात टिकतो, पण लाकूड ते लाकूडच. कापलेली कड म्हणजे हजार स्ट्रॉची जुडी. प्रत्येक कड, प्रत्येक स्क्रूचं भोक, खिडकीचा कापलेला भाग, सगळीकडे पातळ इपॉक्सी (सुकल्यावर कडक होणारं रेझिन) पाज. पहिला हात तो पिऊन टाकतो, दुसरा अर्धा पितो, तिसऱ्याला चमक येते. तिसरा हात दिसेपर्यंत थांबू नको. भोक पाडायचं तर जरा मोठं पाड, इपॉक्सीने भर, सुकल्यावर त्यात पुन्हा नेमकं भोक पाड. कंटाळवाणं आहे. पण होडीला आम्ही असंच करतो.

खालची बाजू विसरतात लोक. चाकाचं पाणी तिथेच उडतं. जमिनीचा प्लाय चॅनेलवर बसवायच्या आधी खालून डांबराचा लेप द्यायला हवा होता. दिला नसशील तर काढून दे. हो, काढून.

झाकणाची लांब बिजागरी म्हणजे पियानो हिंज पावसात गळते, तिच्या सांध्यातून पाणी आत झिरपतं. झाकणाची वरची कड छपराच्या खाली जाऊ दे, आणि बिजागरीवर रुंद रबरी पट्टी छपराच्या बाजूने चिकटव, झाकणावर मोकळी सोड. कौलासारखी, वरचं खालच्यावर. बाजूंना झाकणाच्या आत पन्हळ ठेव: पाणी शिरलंच तर ओट्यात न पडता खाली वाहून जाईल. माझा अनुभव असा की सांधा शंभर टक्के बंद करायला जाणारा हरतो, पाण्याला वाट करून देणारा जिंकतो.

सिलिकॉन कमी वापर. त्यावर रंग बसत नाही, आणि एकदा लावलं की पुढच्या दुरुस्तीला काहीच चिकटत नाही. ब्युटिलची, म्हणजे चिकट रबराची, पट्टी घे.

छपराला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावणार असशील तर तो लोखंडी चॅनेलला थेट टेकवू नको. आपल्या खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना खातात. मधे रबर घाल, स्क्रू स्टेनलेस.

खिडकीसाठी दारूखान्याला एक चक्कर टाक. जहाजतोडीतून आलेल्या पितळी गोल खिडक्या नशिबात असल्या तर मिळतात. जड असतात मात्र, काकांना विचारून घे!

गॅरेजकाका

खिडकी दारात बसवणार, म्हणजे साधारण अ‍ॅक्सलच्या डोक्यावर. परवानगी आहे.

ठाण्याची_मीरा

मी यातली तज्ज्ञ नाही, फक्त तंबूत झोपणारी आहे. एवढंच सांगते, हवा विसरू नका. दोन माणसं बंद डब्यात रात्रभर श्वास घेतात तेव्हा सकाळी भिंतींवरून पाणी ओघळतं. छतात उघडणारं झाकण आणि खाली जाळी, दोन्ही हवं. आणि सिलिंडर झोपायच्या भागात अजिबात नको. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर गादीच्याच पातळीवर साचतो. ओट्याच्या कप्प्याला अगदी तळाशी बाहेर उघडणारं भोक ठेवा.

भांडुपचा_भटक्या

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांचा हिशोब देतो.

जमीन काढली. वेसावकर, तुमचं नाव घेत काढली, चांगलं घेतलं असं नाही. खालून डांबर दिलं. अ‍ॅक्सल दहा इंच मागे गेला, या वेळी दुसऱ्या वेल्डरकडून. मागच्या ओट्याच्या जागी ६० किलो वाळूच्या गोण्या आणि पुढच्या पेटीत बॅटरी-पाणी ठेवून मोजलं: हुकावर ४१. आकडा थोडा कमी वाटेल, पण छप्पर आणि गादी बाकी आहे. प्रत्येक बाजूचे तीन पाटे काढले. मित्राच्या कंपनीच्या आवारात चाळीसपर्यंत ओढली, सरळ आली. डबा जागेवर.

आता कागदाचा प्रश्न. मी तर हिंमत सोडली होती, विचार केला होता की टेम्पोवर चढवून कर्जतला मित्राच्या शेतावर कायमची ठेवावी. परवा मामा फोनवर म्हणाला, "अरे, तिचं आरसी बुक होतं." मंडळाच्या पावत्या, पोलीस परवानगीच्या झेरॉक्स आणि एक सुकलेला हार असलेल्या बिस्किटाच्या डब्यात ते निघालं. मामाच्या नावावर, ट्रेलर म्हणून. पानं वाळवीने कोपऱ्यात खाल्लीत, पण चेसिस नंबर वाचता येतो.

मग तोच नंबर ट्रॉलीवर शोधायला बसलो. दांड्याच्या उजव्या बाजूला रंगाखाली ठोकलेले आकडे लागले. पॉलिश पेपरने घासत गेलो, वर कागद ठेवून पेन्सिल फिरवली. पहिले सहा आकडे आरसीशी जुळतात. सातव्यावर पहिल्या फॅब्रिकेटरने मजबुतीसाठी पट्टी वेल्ड केली आहे, नेमकी तिथेच.

कलम_कसाई, पट्टी ग्राइंडरने उतरवू का? खालचा आकडा घासला गेला तर नंबर खोडला असं कोणी म्हणेल याची धास्ती आहे.

कलम_कसाई

हात लावू नका! ग्राइंडर बाजूला ठेवा. आहे त्या स्थितीत चारी बाजूंनी फोटो काढा, पट्टीसकट, तारीख दिसेल असे. भांडुप म्हणजे वडाळा आरटीओ. मामांना सोबत न्या, कारण मालक कागदावर तेच आहेत. वरची बॉडी बदललीत हा मूळ नोंदीतला बदल आहे, कलम ५२ तिथे लागतं, म्हणून तेही लपवू नका. आधी लेखी अर्ज द्या, पट्टी निरीक्षकासमोर किंवा त्यांनी सांगितल्यावरच काढायची. आरसीची मुदत कधी संपली ते पान वाळवीने खाल्लंय का?

भांडुपचा_भटक्या

अर्धं. साल दिसतं, महिना नाही. फोटो रात्री टाकतो, आत्ता पार्किंगमध्ये अंधार आहे आणि जोशीकाका टॉर्च शोधायला गेलेत.