उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हायचं तर न्यायिक सेवा की वकिली?

सनद_हवी
एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढेमागे मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होण्याची इच्छा आहे. त्यासाठी जेएमएफसीची (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी, न्यायिक सेवेची पहिली पायरी) परीक्षा द्यावी की वकिलीच करत राहावी? वयाचं गणित कसं बसतं? आणि अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधीशाचं काम नेमकं काय असतं? जाणकारांनी सांगावं.

निशाणी_एक
आधी वय मांडा. उच्च न्यायालयातली निवृत्ती ६२ व्या वर्षी. अनुच्छेद २१७ प्रमाणे दहा वर्षं न्यायिक पद किंवा दहा वर्षांची वकिली हवी, पण ती फक्त किमान अट झाली. सेवेतल्यांना अडते ती ज्येष्ठता. शिफारस होते ती ज्येष्ठ जिल्हा न्यायाधीशांमधून, आणि जागा रिकामी होताना वय साडेअठ्ठावन्नच्या पुढे गेलं असेल तर नाव सहसा विचारात घेत नाहीत. कनिष्ठ स्तरापासून (म्हणजे जेएमएफसीपासून) फक्त नेहमीच्या बढत्यांवर विसंबलात, तर तिथे पोचेपर्यंत ही मर्यादा उलटून जायचा धोका असतो.

२०२५ मध्ये मात्र हे चित्र बरंच बदललं. २० मेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर जेएमएफसीसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली (तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात), म्हणजे पदवी हातात पडताच परीक्षा हा मार्ग बंद. त्याच निकालाने जिल्हा न्यायाधीशपदाचा मर्यादित स्पर्धा परीक्षेचा (फक्त सेवेतल्या न्यायाधीशांसाठीची बढतीची परीक्षा) कोटा १० वरून २५ टक्के झाला, आणि त्या परीक्षेसाठी वरिष्ठ स्तरावरची (कनिष्ठच्या वरची पायरी) तीन वर्षं आणि एकूण सात वर्षांची सेवा अशी अट ठरली. ९ ऑक्टोबरला घटनापीठाने सेवेतल्या न्यायाधीशांना जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीचं (आधी फक्त वकिलांसाठी असलेलं) दारही उघडलं: वकिली आणि सेवा मिळून सात वर्षं, किमान वय ३५. माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग हाच. तीन वर्षं कोर्टात उभं राहा, जेएमएफसी व्हा आणि पस्तिशीला थेट भरतीची परीक्षा द्या. जिल्हा न्यायाधीश म्हणून वीसेक वर्षं हातात राहतील.

सनद_हवी
सहायक सरकारी वकील झालो तर ती वर्षं थेट भरतीच्या सातात धरतात का?

निशाणी_एक
धरतात. दीपक अग्रवाल प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलं. कसोटी एकच, न्यायालयात उभं राहून काम चालवता की नाही. फक्त कार्यालयात बसून फाइलींवर अभिप्राय देणाऱ्या विधी अधिकाऱ्याला याचा आधार मिळत नाही.

तिसरा_मजला
वकिलीच्या बाजूचं सांगतो. इथे अर्ज नसतो. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठतम न्यायमूर्तींचं कॉलेजियम नाव सुचवतं, तुमची संमती घेतात. वय साधारण ४५ ते ५५, गेल्या पाच वर्षांचं व्यावसायिक उत्पन्न आणि तुम्ही चालवलेल्या प्रकरणांतले निकाल बघितले जातात. त्यामुळे प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि निकालांची यादी पहिल्या वर्षापासून नीट ठेवा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा किंवा ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, कुठेही चालेल. पण एका ठिकाणी रोज उभं राहा. ज्यांच्यासमोर युक्तिवाद करता, तेच पुढे तुमचं नाव घेणार असतात.

नाव गेल्यावर राज्य शासन, केंद्रीय विधी मंत्रालय, गुप्तचर विभागाचा अहवाल, सर्वोच्च न्यायालयाचं तीन जणांचं कॉलेजियम आणि शेवटी राष्ट्रपतींचं नियुक्तिपत्र. यात कुठेही नाव अडकू शकतं, परत येऊ शकतं. तोवर हातातली प्रकरणं सोडू नका.

आणखी एक. पहिली नेमणूक बहुधा अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून, अनुच्छेद २२४ प्रमाणे जास्तीत जास्त दोन वर्षांची. कायम करताना तुमची निकालपत्रं तपासतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या अतिरिक्त न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांच्या पॉक्सो (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) प्रकरणांतल्या वादग्रस्त निकालांनंतर २०२१ मध्ये कॉलेजियमने त्यांना कायम करण्याची शिफारस मागे घेतली. मुदत एका वर्षाने वाढली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

पेपरबुक
कामाबद्दल कुणी लिहिलंच नाही, आणि खरी तयारी तिथेच लागते. फर्स्ट अपिलात पुरावा पुन्हा तपासायचा असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम ३१ प्रमाणे मुद्दे काढायचे, प्रत्येकावर निर्णय आणि कारणं लिहायची. मुद्देच न काढता 'खालच्या न्यायालयाशी सहमत' एवढं लिहिलं की निकाल वर टिकत नाही. सेकंड अपील कलम १०० खाली, फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर; तो प्रश्न न काढताच अपील मंजूर केलं तर सर्वोच्च न्यायालय ते परत पाठवतं. दुसरी वाईट सवय प्रकरण खालच्या न्यायालयाकडे फेरचौकशीला पाठवण्याची. पुरावा फाइलीत पुरेसा असेल तर अपील न्यायालयानेच निर्णय द्यावा. नाहीतर जमिनीच्या दाव्यात पक्षकारांची एक पिढी जाते.

फौजदारीत निर्दोष सुटकेविरुद्धच्या अपिलात (आता नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४१९) पुराव्यावरून दोन मतं शक्य असतील तर सुटका उलटवत नाहीत. नवीन माणूस इथे हमखास चुकतो: आपलं मत वेगळं पडलं म्हणून खालचं मत अशक्य ठरत नाही.

तुम्ही आत्तापासून तालुका न्यायालयातल्या संपलेल्या दाव्यांची कागदपत्रं वाचा. सरतपास, उलटतपास मराठीत असतात, सोबत सातबारा, फेरफार, कुळकायद्याचे आदेश. आधी निकाल झाकून ठेवा, निशाण्यांवरून (पुराव्यात क्रमांक दिलेली कागदपत्रं) स्वतः मुद्दे काढा, दोन पानांत कारणं लिहा आणि मग मूळ निकाल उघडून ताडून बघा.