न्यूयॉर्कची हायलाईन आई-बाबांना घेऊन आपली आपण फिरायची आहे, सुरुवात कुठून करू?

मृण्मयी_एडिसन
नमस्कार मंडळी. आई-बाबा एप्रिलच्या शेवटी आलेत, परतीचं तिकीट २० ऑक्टोबरचं. बाबा भुसावळला रेल्वेत पीडब्ल्यूआय होते, म्हणजे सगळी नोकरी रुळांच्या देखभालीत गेली, आणि आईला झाडांचं प्रचंड वेड. एक जुना रेल्वेमार्ग आणि त्यावर बाग, म्हणजे दोघांचंही एकाच ठिकाणी होईल असं वाटतंय. पण मागच्या महिन्यात एका ग्रुप टूरबरोबर गेलो होतो तेव्हा गाईड इतका भराभर चालत होता की आई सारखी मागे राहायची आणि बाबांना काही विचारायचं असलं तर तोवर सगळे पुढे गेलेले. म्हणून या वेळी गाईड नको, आमचं आम्हीच फिरणार.

आईचे गुडघे दुखतात, जिने चढणं अवघड जातं, सपाटीवर मात्र हळूहळू एक-दीड तास चालते. आम्ही एडिसनहून ट्रेनने पेन स्टेशनला उतरू. वर कुठून चढावं, कुठे उतरावं, बसायला जागा आहे का, बाथरूमची सोय काय, घरचा डबा चालतो का? आणि मुख्य म्हणजे बाबांना नेमकं काय दाखवू? मी स्वतः एकदाच गेले होते, तेही मैत्रिणींबरोबर फोटो काढत, रुळांकडे लक्षही गेलं नव्हतं.

जर्सीचा_नाना
मृण्मयी, गुडघ्यांचा प्रश्न असेल तर उत्तरेकडून म्हणजे ३४ व्या स्ट्रीटवरून सुरुवात कर. बाकीकडे जिने नाहीतर लिफ्ट, इथे मात्र रस्त्यावरूनच उताराची वाट हळूहळू वर जाते, कळतही नाही कधी वर आलो ते. पेन स्टेशनमधून बाहेर आलात की ३४ व्या स्ट्रीटवरच पश्चिमेकडे जाणारी एम३४ बस पकडा, ती नदीच्या बाजूला सोडते. चालत जायचं म्हटलं तर सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे पण आईंची ताकद तिथे घालवू नका.

पूर्ण लांबी साधारण २.३ किलोमीटर. सरळ चालत गेलं तर पाऊण तास, पण तुम्ही अडीच-तीन तास हातात ठेवा. लिफ्ट ३०, २३, १४ आणि शेवटी गान्सव्होर्ट स्ट्रीटला आहे, म्हणजे आई थकल्या तर मधेच खाली उतरता येतं, शेवटपर्यंत जायलाच हवं असं काही नाही. फक्त निघायच्या आधी त्यांच्या साइटवर बघा, कधीकधी एखादी लिफ्ट दुरुस्तीला बंद असते. बाथरूम ३० व्यापाशी आणि १६ व्यापाशी आहे. बाकं भरपूर, वाटेतल्या फळ्याच वर उचलून बाक केल्यासारखी आहेत पण बऱ्याच ठिकाणी पाठ टेकायला काही नाही, तेवढं लक्षात ठेवा. घरचा डबा बिनधास्त न्या. तिकीट वगैरे काही नाही.

आणि शनिवार-रविवार दुपारी अजिबात जाऊ नका, वाट अरुंद आहे, नुसती ढकलाढकली होते, आईंना धड थांबताही येणार नाही. सकाळी ७ ला उघडतं.

फलाट_नंबर_चार
नानांशी सहमत, फक्त वेळेबद्दल वेगळं सुचवतो. बाबा रेल्वेतले आहेत ना, मग कामाच्या दिवशी अकरा-साडेअकराला ३४ व्या स्ट्रीटवर पोचा. कारण तिथली वाट वळसा घालून जाते ती लाँग आयलंड रेल्वेच्या यार्डाभोवती. सकाळी लोकांना ऑफिसला सोडून आलेल्या लोकल गाड्या संध्याकाळपर्यंत इथे उभ्या असतात, ओळीने. वरून सगळं यार्ड दिसतं, सांधे म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा, गाड्यांची ये-जा, सगळं. मी स्वतः दर वेळी तिथे अर्धा तास तरी उभा राहतो. लोक काचेच्या टॉवरांचे फोटो काढत पुढे जातात आणि या यार्डाकडे बघतही नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हा सगळा मार्ग कशासाठी होता ते तिथेच डोळ्यांना दिसतं.

बाबांना सांगायला थोडा इतिहास देतो. १८४० च्या दशकाच्या शेवटी मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूला मालगाड्यांचा मार्ग टाकला तो थेट रस्त्यावर. फाटक नाही काही नाही, गर्दीतून वाघिणी म्हणजे मालाचे डबे चाललेले. इतके लोक मेले की टेन्थ अ‍ॅव्हेन्यूला डेथ अ‍ॅव्हेन्यू म्हणायला लागले. मग गाडीच्या पुढे घोड्यावर बसून एक माणूस जायचा, दिवसा लाल झेंडी, रात्री कंदील. वेस्ट साइड काउबॉय म्हणायचे त्यांना. आपल्या फाटकवाल्याचंच काम, पण घोड्यावर बसून आणि गाडीबरोबर चालत. हे शेवटचे घोडेस्वार १९४१ पर्यंत होते.

१९३० च्या दशकात मोठी योजना झाली, रस्त्यावरची १०५ क्रॉसिंग काढली आणि इथली लाईन साधारण ३० फूट वर उचलली. १९३४ ला ती सुरू झाली. यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ती रस्त्याच्या डोक्यावरून नेलीच नाही, तर इमारतींच्या मधून नेली, काही ठिकाणी तर सरळ कारखान्याच्या पोटातून. दूध, मांस, भाजीपाला थेट वरच्या मजल्यावर उतरवायचा, खाली रस्त्याला धक्का नाही. १५-१६ व्या स्ट्रीटजवळ तुम्ही एका इमारतीच्या आतून चालत जाल, ती जुनी बिस्किट कंपनीची, नॅबिस्कोची. ओरिओ बिस्किट १९१२ मध्ये याच परिसरातल्या त्यांच्या कारखान्यात पहिल्यांदा तयार झालं. तिथे बाबांना थांबवून सांगा की इथे वाघिणी आत यायच्या. बांधणीही तशीच दणकट, भरलेल्या दोन मालगाड्या एकावेळी पेलतील एवढी.

नंतर ट्रक आले, हायवे झाले, माल तिकडे गेला. दक्षिणेकडचा भाग १९६० च्या दशकातच पाडला, शेवटची गाडी १९८० ला गेली, तीन डबे होते आणि त्यात गोठवलेल्या टर्की असं सांगतात.

मृण्मयी_एडिसन
बापरे, इतकं सगळं! नाना, फलाटदादा, खूप खूप आभार. बाबांना आत्ताच वाचून दाखवलं, त्यांचा लगेच प्रश्न, वीस वर्षं गाडी नाही तर रूळ कुणी उचलून कसे नेले नाहीत? आणि आता आहेत ते खरे का नुसते शोभेला टाकलेत? आणि आईचं विचारणं असं की एवढ्याशा मातीत झाडं जगतात कशी.

फलाट_नंबर_चार
बाबांना सांगा रूळ खरे आहेत. बाग करताना प्रत्येक रुळाला नंबर दिला, सगळे उचलून बाजूला नेले, खालचं काँक्रीट, पाण्याचा निचरा नीट केला आणि मग बरेचसे रूळ होते त्याच जागी परत आणून बसवले. काही ठिकाणी सांधेही तसेच दिसतील. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर मात्र आपल्यापेक्षा कमी, १४३५ मिलिमीटर, आपला ब्रॉडगेज १६७६.

आणि पाडायचं तर जवळजवळ ठरलंच होतं. खालच्या जागामालकांना ते नकोच होतं, २००१ च्या शेवटी महापौर जुलियानींनी जाता जाता पाडायच्या बाजूने सहीसुद्धा केली होती. पण १९९९ मध्ये जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड या दोघांनी हा मार्ग वाचवायला संस्था काढली होती, ते कोर्टात गेले, पुढचे महापौर ब्लूमबर्ग त्यांच्या बाजूने झाले. रेल्वे कंपनीने २००५ ला तो सांगाडा शहराला देऊन टाकला. कायद्याने हे रेलबँकिंग म्हणजे मार्ग मोडीत काढायचा नाही, राखून ठेवायचा आणि तोवर वाट म्हणून वापरायचा, उद्या रेल्वेला लागलाच तर परत घेता यावा म्हणून. बाबांना हा मुद्दा नक्की आवडेल. २००९ ला पहिला टप्पा उघडला, २०११ ला दुसरा, २०१४ ला यार्डाभोवतीचा.

मातीतली_माया
आईंचा प्रश्न माझ्यासाठी :) मी इथे बागकामाची स्वयंसेवक म्हणून नाही, पण गेली कित्येक वर्षं दर ऋतूत एकदा तरी जातेच.

गाड्या बंद झाल्यावर खडीत धूळ साचली, वाऱ्याने आणि पक्ष्यांनी बिया आणल्या आणि वर आपोआप एक रान तयार झालं. कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही. २००० सालाच्या सुमारास जोएल स्टर्नफेल्ड या फोटोग्राफरने त्याचे फोटो काढले आणि ते बघूनच लोकांना पटलं की हे पाडू नये. नंतर पीट औडॉल्फ या डच माणसाने लागवड ठरवली ती त्या रानाचा धागा पकडून. म्हणून इथे आखीव वाफे नाहीत, गवतंच गवतं आणि त्यात फुलं मिसळलेली. माती उथळ आहे, वारा आणि ऊन भरपूर, त्यामुळे जे कमी मातीत तगतं तेच घेतलंय. वाटेच्या काँक्रीटच्या फळ्या टोकाला कंगव्याच्या दातांसारख्या निमुळत्या केल्यात, मधल्या फटींतून गवत वर येतं, वाट कुठे संपली आणि वाफा कुठे सुरू झाला ते कळत नाही. आईंना ती कडा जवळून दाखवा.

आता ३४ व्यावरून सुरुवात करताय तर एक सांगते. यार्डाजवळच्या वाटेवर बराचसा भाग मुद्दाम तसाच ठेवलाय, तिथलं गवत आणि फुलं ही तीच, आपली आपण उगवलेली. बाकीची बाग ज्यावरून सुचली ते मूळ तिथे बघायला मिळतं. बाबा गाड्या बघत असतील तेव्हा आईंना कंटाळा यायचा नाही.

पुढे २५ ते २७ व्या स्ट्रीटच्या मधे वाट लोखंडी पुलासारखी झाडांच्या शेंड्यांत चढते, चढ हलका आहे. तिथे मोठ्या पानांचा मॅग्नोलिया आहे, पान हातभर लांब, आपल्याकडच्या सागाची आठवण येईल. १४ व्यापाशी वाटेवरूनच पाण्याचा पातळ थर वाहतो, उन्हाळ्यात लोक चपला काढून त्यात उभे राहतात. आईंना बसवा तिथे पाय सोडून, फार बरं वाटतं. फुलं तोडू मात्र देऊ नका, पूजेला एखादं घ्यावंसं वाटेल त्यांना, माझ्या सासूबाईंना वाटलं होतं.

चेल्सीत_होतो_कधीकाळी
सगळं छान सांगितलंत सगळ्यांनी, मला एवढंच घालायचंय की वरून खालीही बघा. १६ ते १९ आणि २५ ते २७ व्या स्ट्रीटच्या आसपास विटांच्या साध्या इमारती दिसतात, त्या सरकारी घरं, तिथे कमी उत्पन्नाची माणसं वर्षानुवर्षं राहतात. बाग झाल्यावर आजूबाजूच्या जागांचे भाव आकाशाला भिडले, गॅरेज आणि छोटी दुकानं गेली, मी ज्या खोलीत राहायचो तिथलं भाडंही वाढत गेलं आणि मला क्वीन्सला जावं लागलं. स्वतः रॉबर्ट हॅमंडनीच २०१७ मध्ये जाहीरपणे कबूल केलं की शेजारपाजारच्या लोकांसाठी म्हणून हे केलं पण त्यात आम्ही कमी पडलो. मला ती जागा आवडत नाही असं नाही, मी अजूनही जातो. पण रेल्वे क्वार्टर्समध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हेही सांगावं असं वाटलं.

सेनकाठी
पॅरिसहून लिहितेय. न्यूयॉर्कच्या आधी हे इथे झालंय! बास्तीयपासून निघणारी १८५९ ची लाईन १९६९ ला बंद झाली आणि १९९३ मध्ये तिच्यावर बाग झाली, खालच्या विटांच्या कमानींत आता कारागिरांची दुकानं आहेत. हायलाईनवाल्यांनी याच बागेवरून स्फूर्ती घेतली. इथे गुलाब, बांबू, लव्हेंडर, गर्दीही खूप कमी. मृण्मयी, आई-बाबांना कधी युरोपला आणलंत तर जरूर कळवा, बास्तीयपासून मीच घेऊन जाईन.

मृण्मयी_एडिसन
काल जाऊन आलो! सगळ्यांना सविस्तर सांगायचंच होतं.

बुधवार धरला. बस, उताराची वाट, सगळं नाना म्हणाले तस्संच. यार्डापाशी पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते, खाली गाड्या ओळीने उभ्या, आणि बाबा कठड्याला धरून जे उभे राहिले ते चाळीस मिनिटं हललेच नाहीत. कोणता सांधा कुठल्या लाईनला घेतोय ते मला बोट दाखवून सांगत होते. मी लहानपणी भुसावळला त्यांच्याबरोबर ट्रॉलीवर बसायचे त्यानंतर त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. आई मागच्या बाकावर, समोर ते आपोआप उगवलेलं गवत, तिने दशम्या आणि लसणाची चटणी काढली आणि तिथेच जेवलो.

पुढे एका ठिकाणी दोन्ही रूळ वाटेतच बसवलेत तिथे बाबा खाली बसले आणि वितीने मोजलं. साडेसहा वीत भरली. आपल्याकडे याच हाताने साडेसात भरते म्हणाले. लोक वळसा घालून जात होते पण कुणी काही बोललं नाही, एक आजोबा तर थांबले, ते इथल्या रेल्वेतले निघाले, मग माझी दुभाषी म्हणून चांगली पंधरा मिनिटं गेली. फिशप्लेटचे, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे, बोल्ट किती यावरून दोघांचं सुरू झालं होतं.

चेल्सीवाल्या दादांनी सांगितलेल्या विटांच्या इमारतीही दाखवल्या. आई बराच वेळ तिकडे बघत होती, खिडक्यांत कुंड्या होत्या.

आई १४ व्यापर्यंत आली, पाण्यात पाय सोडून बसली आणि मग लिफ्टने खाली उतरलो, गान्सव्होर्टचा शेवटचा तुकडा राहिला. तिला परत जायचंय, आत्ता जूनमध्ये हिरवं होतं ते सुकताना कसं दिसतं ते बघायचंय म्हणते. माया, २० ऑक्टोबरच्या आधी काही बघण्यासारखं असेल का?

मातीतली_माया
असेल तर काय! सप्टेंबरच्या शेवटापासून अ‍ॅस्टर फुलतात, जांभळे आणि पांढरे, आणि गवतं तांबूस होतात. वाळलेले तुरेही ते लगेच कापत नाहीत, थंडीभर उभे ठेवतात आणि मार्चमध्ये छाटतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जा, या वेळी गान्सव्होर्टच्या लिफ्टने चढा म्हणजे राहिलेला तुकडा आधी होईल, तिथे सुरुवातीलाच बर्च आहेत. दुपारी चारनंतर गेलात तर ऊन नदीच्या बाजूने तिरपं येतं आणि गवताच्या तुऱ्यांतून आरपार दिसतं. आईंना स्वेटर घ्यायला सांगा, वर वारा लागतो.