फॉन्टमधला ‘ल’ बदलून वाटता येते का?

महालवाला: नागपुरात महालात आपलं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिकांसाठी एक फुकट फॉन्ट उतरवला, पण ‘ल’ हिंदी वळणाचा. फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या प्रोग्राममध्ये बसून मराठी ‘ल’ काढला, दांडीला बरोबर टेकते आता. परवान्यात मात्र लिहून आहे: वाटा, पण बदलू नका. इथं फाईल टाकू का?

बर्डीकर: नको. फुकट आहे, मुक्त नाही. मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं यावरची डेबियनची (लिनक्सवाला प्रकल्प) १९९७ ची तत्त्वं वाच. बदल करून वाटायची मुभा पाहिजेच. लेखकाला थोडी सूट आहे: मूळ सोर्स (ज्यातून प्रोग्राम बनते तो मजकूर) तसाच ठेवा, बदल पॅच म्हणून, म्हणजे फक्त फरकाची वेगळी फाईल करून जोडा, नाव वेगळं ठेवा, एवढं तो म्हणू शकते. पण बदललेल्या सोर्समधून बनलेलं वाटू द्यावंच लागते. तुझ्यावाल्यात तेही नाही.

महालवाला: नावाचं काय एवढं बे?

संत्राबर्फी: फायरफॉक्सच्या नावापायीच डेबियननं २००६ पासून दहाएक वर्षं तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ नावानं चालवला ना! तू ओएफएलवाला (ओपन फॉन्ट लायसन्स, फॉन्टसाठीचा मुक्त परवाना) फॉन्ट घे. बदल, वाट, फक्त मूळ लेखकानं राखून ठेवलेलं नाव वापरू नको, परवाना तोच ठेव अन् नुसता फॉन्ट विकू नको.

महालवाला: घेतो. नाव ‘तर्री’ ठेवतो मग.