डाउनलोड केलेलं गाणं आपलं असतं का?
स्ट्रीमिंग ॲपमध्ये एकदा डाउनलोड केलं की गाणी कायमची आपली, असं म्हटलं जातं. नेटशिवाय ऐकता येतात हे खरं, पण कायमची नाही. ती फाइल कुलूपबंद असते आणि किल्ली ॲपकडेच राहते. स्पॉटिफायवर ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, नाहीतर डाउनलोड वाजत नाहीत. मी वापरत होतो त्या एका ॲपची वर्गणी संपली तेव्हा तीन वर्षं जमवलेली यादी एका रात्रीत करडी पडली. नावं दिसत होती, वाजत एकही नव्हतं. त्यातली काही जुनी ध्वनिमुद्रणं मला अजून पुन्हा सापडलेली नाहीत, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

म्हणून जिवाभावाची गाणी मी आता विकतच घेतो. बँडकँप या गाणी विकणाऱ्या साइटवर एमपीथ्री किंवा फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी) फाइल सरळ हातात मिळते. ॲपलच्या आयट्यून्स या गाण्यांच्या दुकानानेही २००९ मध्ये विकतच्या गाण्यांवरचं कुलूप काढलं. जागेची फार काळजी नको, ३२० केबीपीएसचं (म्हणजे चांगल्या दर्जाच्या एमपीथ्रीचं) पाच मिनिटांचं गाणं साधारण १२ एमबी होतं. फक्त फोनबाहेर एक प्रत नक्की ठेवा.