मदत हवी आहे: मायटोप्लास्टचे आतले पटल गळके आहे की काही मायटोप्लास्ट फाटलेले आहेत, हे कसे ओळखावे?

नमस्कार. उंदराच्या यकृतातून वेगळ्या केलेल्या मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलातून प्रोटॉन किती वेगाने झिरपतात हे मला मोजायचे आहे. त्यासाठी बाहेरचे पटल डिजिटोनिन या डिटर्जंटने काढून मी मायटोप्लास्ट (म्हणजे फक्त आतले पटल उरलेले मायटोकॉन्ड्रिया) तयार करते. डिजिटोनिन कोलेस्टेरॉलला धरते आणि कार्डिओलिपिन या मेदाने समृद्ध असलेल्या आतल्या पटलात कोलेस्टेरॉल फार थोडे असते, त्यामुळे मात्रा बेताची ठेवली तर बाहेरचे पटल आधी सुटते. प्रथिनाच्या प्रत्येक मिलिग्रॅमला सुमारे 0.1 मिलिग्रॅम डिजिटोनिन, 250 मिलिमोलर सुक्रोज, कॅल्शियम बांधून ठेवणारे ईजीटीए आणि सर्व काम बर्फावर, अशी नेहमीचीच पद्धत आहे.

विकरांच्या चाचण्या समाधानकारक आहेत. बाहेरच्या पटलावरील मोनोअमाइन ऑक्सिडेज गाळातून बहुतांशी निघून जाते, तर आधारद्रव्यातील (आतल्या पटलाच्या आतील द्रवातील) सिट्रेट सिंथेज गाळातच राहते आणि वरच्या द्रावणात त्याचा अंश तेवढा दिसतो. तरीही ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर, रोटेनोनच्या (श्वसनसाखळीतील एनएडीएचचा मार्ग रोखणाऱ्या द्रव्याच्या) उपस्थितीत सक्सिनेट हे इंधन दिल्यावर, श्वसन नियंत्रणाचे गुणोत्तर (एडीपीसह आणि एडीपीविना ऑक्सिजन वापराच्या वेगांचे गुणोत्तर) मूळ मायटोकॉन्ड्रियाच्या तुलनेत बरेच खाली येते. एडीपी दिल्यानंतरचा ऑक्सिजन वापराचा वेग मंद असतो आणि ऑलिगोमायसिनने एटीपीची निर्मिती थांबवल्यानंतरचा वेग, जो मुख्यतः प्रोटॉनच्या गळतीमुळे उरतो, अपेक्षेपेक्षा जास्त राहतो.

मंद वेगाचा उलगडा मला बऱ्यापैकी होतो. बाहेरचे पटल नसल्यामुळे सायटोक्रोम सी हे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे छोटे प्रथिन मोकळे होते, आणि श्वसनाच्या माध्यमात 125 मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड असल्याने कार्डिओलिपिनशी विद्युत आकर्षणाने टिकलेला त्याचा बंध सैल पडत असावा. बाहेरून 10 मायक्रोमोलर सायटोक्रोम सी घातले की एडीपीनंतरचा वेग सावरतो. मात्र त्याच वेळी ऑलिगोमायसिननंतरचा वेगही वाढतो, आणि खरी अडचण इथे आहे. सगळ्याच मायटोप्लास्टचे पटल थोडे थोडे गळके असेल तर हा वेग जास्त दिसेल. पण बहुतेक मायटोप्लास्ट शाबूत असून मोजकेच फाटलेले असतील, तरी ते फाटलेले मायटोप्लास्ट सायटोक्रोम सी मिळताच कोणत्याही बंधनाविना ऑक्सिजन वापरतील आणि एकूण आकडा तसाच येईल. सिट्रेट सिंथेज हे मोठे प्रथिन आहे, त्यामुळे ते आत राहिले एवढ्यावरून पटल प्रोटॉनसाठी अभेद्य आहे असे मानणे मला धोक्याचे वाटते. टीएमआरएम हा चमकणारा रंग वापरून पटलावरील विद्युत विभव मोजले तरी हाती सरासरीच लागते.

फाटलेल्यांचे प्रमाण एनएडीएच (श्वसनसाखळीला इलेक्ट्रॉन देणारा रेणू) वापरून काढावे असा माझा विचार आहे. शाबूत आतल्या पटलातून एनएडीएच जात नाही, म्हणून सायटोक्रोम सी असताना त्याचा जो वापर रोटेनोनने थांबतो तो फाटलेल्या मायटोप्लास्टचा धरायचा आणि अॅलामेथिसिनने सर्व पटले सच्छिद्र केल्यावर मिळणाऱ्या वेगाशी त्याची तुलना करायची. बाहेरच्या पटलाचे तुकडे शिल्लक असतील तर त्यांच्यावरील विकरामुळे एनएडीएचचे इलेक्ट्रॉन थेट सायटोक्रोम सीकडे जातात. पण तो मार्ग रोटेनोनला दाद देत नाही, त्यामुळे तो वजा करता यावा.

जाणकारांना माझी विनंती अशी की, या प्रमाणावरून ऑलिगोमायसिननंतरच्या वेगात दुरुस्ती करणे ग्राह्य आहे का, हे कृपया सांगावे. प्रोटॉनची गळती विभवाबरोबर सरळ रेषेत न वाढता उच्च विभवाला एकदम वाढते, म्हणून सक्सिनेटचा वापर रोखणाऱ्या मॅलोनेटने श्वसन टप्प्याटप्प्याने कमी करून समान विभवावर तुलना करणे मला अधिक योग्य वाटते; परंतु नमुन्यात फाटलेले मायटोप्लास्ट मिसळलेले असताना तो आलेख विश्वासार्ह राहील का? मुक्त मेदाम्ले शोषून घेणारे मेदाम्लरहित अल्ब्युमिन घातल्यावर ऑलिगोमायसिननंतरचा वेग काहीसा उतरतो, त्यामुळे मुक्त मेदाम्लांचा थोडा वाटा नक्की आहे. पटलात उरलेले डिजिटोनिन स्वतःच गळती वाढवते का आणि ते धुऊन काढण्याची आतल्या पटलाला न दुखावणारी पद्धत कोणी वापरली आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे. मूळ आलेख पाहायचे असल्यास ते येथेच देईन.