मदत हवी आहे: प्रोस्टेट कॅन्सरवरील ल्युटेशियम उपचाराचा अनुभव

नमस्कार. माझे वडील 71 वर्षांचे असून सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणण्यात त्यांचे आयुष्य गेले. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरल्यावर सुरू केलेली हार्मोनची इंजेक्शने दोन वर्षे लागू पडली. आता मात्र टेस्टोस्टेरॉन (हा कॅन्सर ज्यावर वाढतो ते पुरुषी हार्मोन) तळाला असूनही पीएसए, म्हणजे या कॅन्सरचा माग दाखवणारा रक्तातला आकडा, चढतोच आहे. फाइलच्या पुठ्ठ्यावर ते स्वतः पेन्सिलीने आकडे लिहितात: 4, 11, 38.

डॉक्टरांनी ल्युटेशियम-177 पीएसएमए उपचार सुचवला आहे. मला समजले ते असे, की या कॅन्सरच्या बहुतेक पेशींवर पीएसएमए नावाचे प्रथिन मुबलक असते, त्याला चिकटणाऱ्या रेणूला किरणोत्सारी ल्युटेशियम जोडून ते शिरेतून देतात आणि त्याचे बीटा कण जेमतेम दोन मिलिमीटर जात असल्याने मारा मुख्यतः गाठींवरच होतो. पीएसएमए पेट स्कॅनमध्ये गाठी उजळल्या आहेत, म्हणजे गाठींवर पीएसएमए असण्याची, या उपचारासाठीची अट पूर्ण झाली.

अडचण घरची आहे. ल्युटेशियमचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ) सुमारे साडेसहा दिवसांचे, औषध बरेचसे लघवीवाटे बाहेर पडते, घरात शौचालय एकच आणि चार वर्षांचा नातू आजोबांच्या कुशीशिवाय झोपत नाही. ज्यांच्या घरी हा उपचार झाला आहे, त्यांनी मुलांना किती दिवस दूर ठेवले? मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर, इतर प्रवाशांच्या शेजारी, परतण्यास डॉक्टरांनी परवानगी दिली होती का? लाळग्रंथीही हे औषध ओढून घेतात, असे वाचले. तोंड कोरडे पडल्यावर कडक भाकरी खाता येते का, हा प्रश्न खुद्द वडिलांचा आहे.